यमुनाबाईंच्या फाइलमधलं वाक्य

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण यमुनाबाईंचं आहे — आणि त्यांच्याशी मी काय केलं, हे सहा वर्षं कुणालाच सांगितलं नाही. मूल गावच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या. नववीत गणितात नापास होऊन मी पेटी उचलली, तेव्हा त्यांनी दारातच अडवलं. "जेवून जा. भरल्या पोटी गावाले जावंसं वाटते का, पाहजो." मी गेलो नाही. घरातला पहिला पदवीधर झालो.

आज चंद्रपुरात एका कॅन्सर रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. काम मला चांगलं येतं. तोंडाच्या शस्त्रक्रियेआधी वजन टिकलं, अंडी-डाळ-मासे पोटात गेले, तर जखम भरते. नाहीतर टाके उसवतात. हे मी रोज सांगतो. मग सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी का नाही सांगितलं?

यमुनाबाई समोर बसल्या होत्या — गालात गाठ, शस्त्रक्रियेला तीन आठवडे. शेजारी सर्जन उभे. "बाबू, तू इथी?" मी मान वर केली नाही. यांच्या हातचं खाऊन वाढलो, हे सर्जनना कळू नये — इतकंच कारण. बाईंना ते लगेच कळलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "घरचे पेजच देऊन राह्यले. अंडं गरम पडते म्हणतेत. चालन ना पेज?"

आमच्याकडे आजाऱ्याला भाताची पातळ पेजच देतात. तिच्यावर माणूस वाळतो — मला ठाऊक नव्हतं? त्यांच्या बोलीत दोन वाक्यं पुरली असती. मी छापील तक्ता पुढे केला. "यात सगळं लिहिलं आहे."

वजन चार किलो उतरलं. गाठ थांबणारी नव्हती, शस्त्रक्रिया झाली. टाके उसवले. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. सर्जननी विचारलं, तेव्हा मी फाइलमध्ये लिहिलं — रुग्णाने आहाराचा सल्ला पाळला नाही. ते ऐकून बाईंचा मुलगा बाईंवरच चिडला. "माहीच चुकी," त्या कशाबशा म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो.

त्या वाचल्या. शब्द मात्र अजून नीट उमटत नाहीत. परवा त्यांना हे पत्र पाठवलं:

"यमुनाबाई, तुम्ही सल्ला मोडला नाही, मी तो दिलाच नव्हता. पेज चालेल का, हे तुम्ही विचारलं होतं. मी तुम्हाला ओळखलं होतं, तरी नुसता कागद दिला. फाइलमधलं वाक्य खोटं आहे. त्याखाली आज खरं लिहून सही केली आणि सर्जनना दाखवलं. या पत्राची एक प्रत तुमच्या मुलालाही पाठवली आहे. चूक माझी होती. — विलास"