पलीकडून दिसेल का?

दोह्यात राहणाऱ्या बाईच्या पर्समध्ये वाळू कुठून येते, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. झटकली, धुतली, नवी पर्स घेतली, तरी तळाशी चिमूटभर असतेच! साइटवरच्या किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कोण जमवत बसतंय? पण शुक्रवारी अल वक्र्याला आमच्या घरी चार मराठी डोकी जमली, चहाचे कप रिकामे झाले, की कुणीतरी म्हणतंच, "मीनल, ते बागेचं सांग ना!" आणि मी पर्स उलटी करते.

वर्ल्ड कपची तयारी जोरात होती तेव्हाची गोष्ट. अख्खं दोहा खणून ठेवलेलं. काल ज्या रस्त्याने गेलो तो आज जागेवर नसायचा. माझ्या ओळखीचे सगळे एकतर स्टेडियमवर, नाहीतर मेट्रोवर. आणि मी, नाशिकची, झाडापाण्याची इंजिनियर, दोह्याबाहेर समैस्म्याच्या किनाऱ्यावर काय करत होते? तर अठराव्या शतकातलं इंग्लंड बांधत होते!

मालक अबू राशिद. पांढरी दाढी, हातात कायम तसबीची जपमाळ, आणि बोलायला गोड. त्यांचे वडील शिडाच्या नावेतून मुंबईशी व्यापार करायचे, म्हणून घरात सगळ्यांना मोडकं हिंदी यायचं. तरुणपणी ते इंग्लंडला शिकायला गेले आणि तिथल्या जुन्या लॉर्ड लोकांच्या बागा बघून आले. तेव्हापासून डोळ्यांत एकच स्वप्न. वर्ल्ड कपला परदेशी पाहुणे येणार, त्याआधी तशी बाग हवी. पाहुणे हे नुसतं निमित्त होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

आमच्या टीममध्ये डिझायनर ऑलिव्हर, खास इंग्लंडहून आणलेला. साइट इनचार्ज वसईचा डाबरे, आयुष्य आखातात गेलेलं, अरबी फर्डं बोलायचा. बांधकामाला बीडचे गायकवाड मिस्त्री. आणि मी.

पहिल्या मीटिंगला ऑलिव्हरने मजलिसमध्ये, म्हणजे अबू राशिदच्या बैठकीच्या खोलीत, चित्रं मांडली. म्हणाला, "या बागेत सरळ रेघ नसते. चालता चालता वळण येतं आणि समोर नवीन चित्र उभं राहतं. इमारती राहायच्या नसतात, वाटायच्या असतात. देऊळ बघून सद्गुण आठवावा, पडका मठ बघून काळ आठवावा, गुहेत शिरलं की माणसाने स्वतःशी बोलावं."

सगळं ऐकून अबू राशिदनी एकच प्रश्न विचारला.

"पलीकडून दिसेल का?"

*

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. तिथे त्यांचा धाकटा भाऊ राहायचा, अबू खालिद. वडील गेल्यावर अबू राशिदनी वडिलांची नाव विकून टाकली, भावाला न विचारता. भावाने तोंडातून शब्द काढला नाही. हद्दीवर दोन पुरुष उंच भिंत बांधली, बस्स! तेव्हापासून बोलणं खलास. ईदलासुद्धा नाही. मला हे डाबरेने सांगितलं, आणि सांगताना त्याचाच आवाज खाली गेला.

ऑलिव्हरला हे काही ठाऊक नव्हतं. तो उत्साहात म्हणाला, "इंग्लंडमध्ये हद्दीला भिंत घालत नाहीत. खोल चर खणतात, तो गवतात लपतो. गुरं आत येत नाहीत आणि नजर मात्र थेट शेजाऱ्याच्या रानापर्यंत जाते. शेजाऱ्याचा समुद्र, शेजाऱ्याची झाडं, सगळं आपल्याच बागेत आल्यासारखं! ही भिंत पाडू या."

अबू राशिद कितीतरी वेळ त्या चित्राकडेच बघत होते. चित्रात चर होता, पलीकडे हिरवळ होती आणि कुणीतरी झाडाखाली बसलेलं होतं.

"भिंत त्याची आहे," ते म्हणाले. "मी हात लावणार नाही."

*

आता पडक्या मठाचं. डाबरे वसईच्या किल्ल्यात, पडक्या चर्चच्या सावलीत खेळून मोठा झालेला. त्याने हे काम अंगावरच घेतलं. कमान कुठे तुटायला हवी, कुठल्या सांध्यातून गवत यायला हवं, सगळं प्रेमाने ठरवलं. मठ असा काही झाला की संध्याकाळी त्यातून समुद्राचं वारं शिरलं की मला उगाच कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

डाबरे सुट्टीवर वसईला गेला. परत आला, मठाकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "देवबापा!"

कमान पूर्ण! भेगा बुजवलेल्या. वर मस्त गिलावा, ओळंब्यात! बाजूला गायकवाड मिस्त्री हात पुसत उभे.

"कामून वरडायलेत साहेब?" ते म्हणाले. "तुमी गेलात आन् मला काय ते अर्धवट बघवंना. म्हनलं, मालकाचे पावने येनार, आपल्या गड्यांची अब्रू जायची!"

डाबरेने मग त्यांना जे काही झापलं! मी मधे पडले नसते तर मिस्त्री त्याच विमानाने बीडला गेले असते. शेवटी मिस्त्रींनी कानाला हात लावला.

"चुकलं. आता पडकं म्हनलं की पडकंच. शबुद हाय गायकवाडचा!"

हा शब्द लक्षात ठेवा.

*

ऑलिव्हरने कागदावर जंगलातली झोपडी काढली, वेड्यावाकड्या फांद्यांची. म्हणाला, "पूर्वी लॉर्ड लोक अशा झोपडीत पगारी साधू ठेवायचे! त्याने दाढी वाढवायची, कुणाशी बोलायचं नाही, नुसतं एकटं बसायचं. पाहुणे लांबून बघायचे आणि गंभीर व्हायचे."

मी हसून हसून बेजार. डाबरे म्हणाला, "माझं नाव घाला, रिटायरमेंटची सोय झाली!"

अबू राशिद मात्र हसले नाहीत.

"पगार कशाला?" ते म्हणाले. "माझ्या शेजारी एक फुकट बसलाय. दाढीही आहे, बोलतही नाही."

आणि मग हळूच, "एकटा असतो. मुलं सगळी दोह्यात."

*

बागेत विविधता हवी म्हणून ऑलिव्हरने चिनी पूल केला, ग्रीक देऊळ केलं आणि एक तुर्की तंबू टाकला. त्या काळातल्या इंग्रजांना तंबू म्हणजे केवढं नवल, असं तो अगदी भारावून सांगत होता.

तंबू लागला त्या दिवशी अबू राशिदचे दोस्त बाग बघायला आले. देवळाकडे ढुंकून पाहिलं नाही, पुलावरून भराभर चालत गेले आणि तंबूत शिरून जे बसले ते उठेचनात! खजूर आले, कॉफी आली, कुणीतरी उशीला टेकून घोरायला लागलं. बिचारा ऑलिव्हर बाहेर उन्हात उभा, हातात नकाशा.

"यल्ला, आत ये!" अबू राशिदनी त्याला हाक मारली. "तुमच्या आजोबांना हे स्वप्न वाटायचं. माझ्या आजोबांचं हे घर होतं."

माझी लेक एका शनिवारी बाग बघायला आली होती. सगळीकडे फिरली आणि विचारते, "आई, व्हिच कंट्री आर वी इन?" मी म्हटलं, "बाळा, मलाही सांग!"

*

किल्ल्याचा किस्सा मात्र कहर होता. तसल्या बागेत लांब टेकाडावर एक खोटा किल्ला असतो. नुसती पुढची भिंत, बुरूज, खिडक्या. मागे काही नाही, टेकूला लोखंडी पाइप. लांबून बघायचा आणि मन तिकडे धावलं पाहिजे, एवढंच त्याचं काम.

दर्शनी भाग उभा करायच्या दिवशी अबू राशिद आले आणि म्हणाले, "फिरवा."

"म्हणजे?" ऑलिव्हर.

"तोंड तिकडे करा. भिंतीवरून त्याच्या अंगणातून दिसायला हवा."

ऑलिव्हर रडकुंडीला आला. "सर, मग तुम्हाला फक्त पाइप दिसतील!"

"दिसू देत. माझ्याकडे काय आहे ते मला माहीत आहे."

फिरवला! क्रेन आधीच स्टेडियमवाल्यांकडून मिनतवाऱ्या करून मिळवलेली, ती आणखी अडवून ठेवली. आपल्याकडून बघावं तर भंगारचं दुकान आणि पलीकडून बघावं तर राजाचा किल्ला. मी तेव्हा डाबरेला म्हटलं, "काय हा तोरा! भावाला खिजवायला किल्ला?"

*

तळं भरलं तेव्हा मला कळलं की खिजवणं नव्हतं ते.

तळं सापासारखं वळणाचं होतं. टोक कुठूनच दिसू नये, म्हणजे नदी पुढे कुठेतरी जातेय असं वाटतं. थंडीतल्या सकाळी समैस्म्याला धुकं उतरायचं, तेव्हा तर पाणी कुठे संपलं आणि समुद्र कुठे लागला हे मलासुद्धा सांगता येत नसे. मी पंप बघायला लवकर जायचे आणि पंप विसरून उभी राहायचे.

त्या काठावर अबू राशिदनी नाव उभी करायला एक कमानींचं घर बांधून घेतलं. नाव मात्र आणली नाही. ऑलिव्हर खूश, "रिकामेपण! काय सुंदर प्रतीक!"

एका सकाळी धुक्यात ते त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसलेले दिसले. मी म्हटलं, "अबू राशिद, छानशी नाव आणू या का?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "तो लहान असताना वडील नावेत त्याला माझ्या मांडीवर बसवायचे. सारखा विचारायचा, किनारा दिसतोय का, किनारा दिसतोय का. मी म्हणायचो, दिसतोय. दिसत नसला तरी."

मी पंपाचं बटण उगाचच दोनदा दाबलं.

*

आता शेवटचा.

पाहुण्यांचा दिवस जवळ आला. सगळं झालं, पण प्रत्येक चित्राच्या मागे ती भिंत मधे यायची, पांढरी, सपाट, खारट हवेने पोपडे धरलेली. ऑलिव्हरने तोड काढली. पाडायची नाही ना? ठीक. मग आपल्या बाजूने तिला मठासारखं रूप देऊ. वरवर जुना दगडी गिलावा, थोड्या खोट्या भेगा, की तीही बागेचाच भाग वाटेल.

डाबरे घाईत होता. गाडीतूनच मिस्त्रींना म्हणाला, "ती हद्दीची भिंतपण पडकी दिसली पाहिजे हं! मठासारखी!" आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी आणि डाबरे एकदमच साइटवर पोचलो. आधी मला काही कळेना. तळ्यापलीकडे काहीतरी जास्तच उजेड होता. कधी न दिसलेलं एक बोरीचं झाड दिसत होतं आणि त्यामागे समुद्र.

भिंतीला मधोमध मोठं भगदाड! कडा अशा नजाकतीने तुटलेल्या की वसईचा किल्ला लाजावा. खाली गायकवाड मिस्त्री हातात भिंत फोडायचा ब्रेकर घेऊन, घामाघूम, अगदी प्रसन्न.

"बघा साहेब! ह्या टायमाला एक भेगबी बुजवली न्हाई!"

डाबरे मटकन खाली बसला. दुसऱ्याची भिंत! पोलीस, वकील, आणि त्याहून मोठं म्हणजे अबू राशिदचा शब्द. 'मी हात लावणार नाही' म्हणाले होते.

तेवढ्यात अबू राशिद आले. भगदाड बघून जागीच थांबले. त्यांच्या हातातली तसबी थांबली.

आणि पलीकडून धुक्यातून कुणीतरी चालत आलं. पांढरी दाढी, तसेच खांदे, तशीच चाल. एका हातात दल्ला, म्हणजे कॉफीची चोचवाली किटली, दुसऱ्यात दोन छोटे पेले. अबू खालिद! विटांच्या ढिगावर सांभाळून पाय देत ते अलीकडे आले आणि पहिल्यांदा मान वळवून किल्ल्याकडे बघितलं. मागून. पाइप आणि टेकू.

"मागे काहीच नाही?" त्यांनी विचारलं. डाबरे बसल्या बसल्या माझ्या कानात मराठीत सांगत होता.

"काही नाही," अबू राशिद म्हणाले.

"मी रोज बघायचो. मला वाटलं, तू तिकडे राहायला गेलास."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तू पाडलीस?"

अबू राशिदनी आमच्याकडे बघितलं. डाबरेकडे, माझ्याकडे, ब्रेकर पाठीमागे लपवायला बघणाऱ्या मिस्त्रींकडे.

"हो. मी पाडली."

"या वेळीही न विचारता?"

मी डोळे मिटून घेतले. झालं, म्हटलं, होतं तेही गेलं!

डोळे उघडले तेव्हा अबू खालिद तळ्याकाठच्या त्या रिकाम्या घराकडे बघत होते.

"हे नावेचं ना? नाव कुठाय?"

"ती तुला विचारल्याशिवाय कशी आणू?" अबू राशिद म्हणाले.

मग अबू खालिद त्याच पायरीवर जाऊन बसले, पेले खाली ठेवले आणि कॉफी ओतायला लागले. अबू राशिद त्यांच्या शेजारी बसले.

डाबरे शेवटी जबाबदार माणूस. तो उठला, कपडे झटकले, पुढे गेला आणि अबू खालिदसमोर हात जोडून अरबीत म्हणाला, "साहेब, माफ करा, पाहुणे यायच्या आत तुमची भिंत होती तशी बांधून देतो."

अबू खालिदनी वर बघितलं. हातातला पेला भावाकडे दिला.

"कसली भिंत?"