उजव्या सोंडेची मूर्ती

देवानं त्या सकाळी मला हाक मारली, असं मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. मंडळात सांगितलं, घरी आलेल्या पाहुण्यांना सांगितलं. ऐकणारे हात जोडतात आणि मी खाली बघतो. कारण त्यातला एक भाग मी नेहमी गाळत आलो. आज तो लिहायचाच, असं ठरवून बसलोय.

दिल्लीच्या कडेची द्वारका तेव्हा नुकती वसत होती. सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या, पण नळाला पाणी नव्हतं, घरोघरी फोनच्या लाइनी आल्या नव्हत्या आणि रस्त्यावर नुसती धूळ. मी गुडगावातल्या एका नव्या खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होतो. दिवसभर एकच पालुपद, "लंबी साँस लो, रोको, छोड़ दो." गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मला निघायची घाई होती. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलवर पुण्याहून मूर्ती आल्या होत्या आणि हॉल बंद व्हायच्या आत आमची आणायची होती. तेवढ्यात वॉर्डातून निरोप आला की एका म्हाताऱ्या बाबांच्या छातीचा फोटो बेडवरच काढायचाय. त्यांच्या एका फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं आणि सकाळी नळी घालून ते काढणार होते.

फोटोत उजवी बाजू कळावी म्हणून आम्ही फिल्मच्या कॅसेटवर शिशाचं एक छोटं अक्षर चिकटवतो. उभा पेशंट आमच्याकडे पाठ करून असतो, त्यामुळे त्याचा उजवा हात तोच आमचा उजवा. बेडवरचा पेशंट मात्र आमच्याकडे तोंड करून असतो. तिथे त्याची उजवी बाजू आमच्या डाव्या हाताला येते. शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात घोटून घेतलेली गोष्ट. मी घाईत, हाताच्या सवयीनं अक्षर चिकटवलं, फोटो काढला, फिल्म धुऊन वॉर्डात पाठवली आणि बस पकडली.

मूर्ती रिवाजाप्रमाणे तोंडावर रुमाल टाकून घरी आणली. सकाळी सोवळं नेसून पाटावर बसलो. पूजा सांगणारी टेप लावली होती, गुरुजी त्यातून सांगत होते आणि मी अक्षता वाहत होतो. रुमाल काढला तशी आई दचकली.

"अरे, ही उजव्या सोंडेची आणलीस?"

"नाही गं, डावीच आहे. ही बघ की, इकडे वळलीय."

"ती तुझी डावी. देवाच्या बाजूनं बघ. त्याचा उजवा हात कुठंय?" मग बायकोकडे वळून म्हणाली, "रोज लोकांच्या हाडांचे फोटो काढतो म्हणे हा!"

बायको हसली. माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. डोळ्यांसमोर ते बाबा आले, उशीला टेकून, माझ्याकडे तोंड करून बसलेले. अक्षर मी त्यांच्या डाव्या खांद्याशी लावलं होतं. त्या फोटोच्या भरवशावर डॉक्टर त्यांच्या चांगल्या फुप्फुसाच्या बाजूला नळी घालणार होते. छाती ऐकून बघतात, खरं आहे. पण बाबा दोन्हीकडून घरघरत होते.

मी उठलो. आई म्हणाली, "अर्ध्या पूजेतून? उजव्या सोंडेचा आहे, फार कडक असतो." मी एवढंच म्हणालो, "आई, एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, मला जायलाच पाहिजे," आणि तसाच अनवाणी जिना उतरलो. मार्केटातल्या पीसीओवरून हॉस्पिटलला फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. रिक्षा नाही, बस नाही. आमच्या सोसायटीत पाणी टाकून एक टँकर निघाला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"पंडतजी," माझं सोवळं बघून ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "फेरे बीच में छोड़ के भाग लिये के?"

मी त्याला सांगितलं. त्याचं हसू गेलं. टँकर भरायला तो बिजवासनला निघाला होता, पण तिथे न थांबता त्यानं मला पार हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत नेलं. वाटेत मी काय प्रार्थना केली तेही लिहितो. नळी थांबू दे, पण माझं नाव येऊ देऊ नकोस, अशी. फिल्म खराब झाली, दुसरी काढतो, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

वॉर्डात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी हातमोजे चढवले होते. बाबांची बाजू उघडी करून औषधानं पुसली होती. ती चुकीची बाजू होती. माझं जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. "रुकिए सर. मार्कर उलटा है. मैंने लगाया है."

डॉक्टरांनी माझ्या सोवळ्याकडे पाहिलं, मग फिल्मकडे. "कब पता चला?"

"शक तो कल शाम को ही हुआ था, सर."

हाच तो गाळलेला भाग. मांडीवर मूर्ती घेऊन बसमध्ये बसलो होतो तेव्हाच मनात आलं होतं, अक्षर कुठल्या बाजूला लावलं? उतरून परत जायला हवं होतं. पण मूर्ती घेऊन कुठं फिरायचं, डॉक्टर बघतीलच की, असं म्हणून मी ते दाबलं. देवानं मला सकाळी नाही, आदल्या संध्याकाळीच हाक मारली होती. मी ओ दिली नाही, म्हणून त्याला आईच्या तोंडून दुसऱ्यांदा बोलावं लागलं.

फोटो पुन्हा काढला. नळी योग्य बाजूला गेली. बाबा पुढे आपल्या पायांनी घरी गेले. मला मेमो मिळाला, तो वाजवीच होता. बाहेर आलो तेव्हा टँकर निघून गेला होता. ड्रायव्हरचं नावही विचारायचं राहिलं. तो कोण, कुणी पाठवला, याचा काथ्याकूट मी करत नाही. तो थांबला, एवढं मला पुरतं.

घरी पोचेपर्यंत दुपार उलटली होती. टेप जिथल्या तिथे बंद करून आई पाटाशी बसून होती, उपाशी. मला वाटलं बोलेल. ती म्हणाली, "वाचला ना माणूस? मग हातपाय धू आणि बस." आणि तिनं टेपचं बटण दाबलं. अर्ध्यावर थांबलेलं वाक्य गुरुजींनी पुरं केलं.

स्वतःचं नाव राखून देवाला शरण जाता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझं वाक्य त्यानं काढून घेतलं, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो. आता फिल्म गेल्या, सगळं कॉम्प्युटरवर आलं. तरी फोटो काढण्याआधी मी प्रत्येक पेशंटच्या उजव्या खांद्याला हात लावतो आणि मोठ्यानं म्हणतो, "ये आपका राइट." नवी पोरं हसतात, "सर, पेशंट को पता है." असेल. मी हात लावल्याशिवाय बटण दाबत नाही.