फळ्यावर प्रश्न लिहिणारे अंबादासनाना

फळ्यावर प्रश्न लिहून झाला की अंबादासनाना बाजूला उभे राहायचे आणि वाचणाऱ्यांची तोंडं निरखायचे. आकुर्डीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, कंपन्यांच्या बस थांबतात तिथे हा फळा होता. बाकीच्या चौकांतल्या फळ्यांवर सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. नानांना सुविचारांचा भारी कंटाळा. "सुविचार वाचला की मानूस मान हलवतो अन् बसमंदी जाऊन झोपतो. प्रश्न वाचला की डोकं खाजवतो," म्हणायचे.

नाना मूळचे लातूरकडचे, इथल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते, चाकणला एका कंपनीत अकाउंट्स बघते. मला ताई म्हणावं की मॅडम हे त्यांचं कधी ठरलं नाही, म्हणून मी आपली मॅडमबाई. बस यायला उशीर झाला की माझी उलटतपासणी सुरू व्हायची. जीएसटी कुणी शोधला, इथपासून सगळं.

फळ्याचा नियम एकच होता. दुसऱ्याचं पुसायचं नाही; पटलं नाही तर खाली उत्तर लिहायचं. वाद संपेपर्यंत प्रश्न तसाच राहायचा. सगळ्यात जास्त उत्तरं असायची टेम्पोवाल्या दत्ताची. नानांनी पूर्व म्हटलं की हा पश्चिम म्हणणार, हे ठरलेलं. दोघं कधी एकत्र चहा पीत नसत, पण दत्ता दिसला नाही की नाना कासावीस व्हायचे.

अशात शहरी नक्षलवाद रोखायचा म्हणून राज्य सरकारचं सार्वजनिक सुरक्षेचं एक विधेयक आलं. सुव्यवस्थेला बाधा आणणारं लिहिणं-बोलणंसुद्धा त्यात गुन्हा ठरू शकतं, असं पेपरात आलं होतं. लोकांकडून हरकतीही मागवल्या होत्या. झालं, नानांना खाद्य मिळालं! नगरसेवकाला विचारून झालं, कॉलनीतल्या वकिलाला विचारून झालं. चौकीतल्या हवालदारांना तर त्यांनी सरळ विचारलं, की उद्या मला धरायचं झालं तर कुठल्या शब्दासाठी धराल? हवालदार हसले आणि म्हणाले, नाना, चहा घ्या. नानांचं समाधान काही झालं नाही. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "माझ्या या फळ्याने सुव्यवस्था बिघडते का, हे ठरवणार कोण?"

दुपारपर्यंत खाली दत्ताचं उत्तर आलं. "ज्याच्या मनात पाप, त्यालाच कायद्याची भीती. नाना, नक्षलवाद्यांची वकिली बंद करा."

कुणीतरी फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. फिरत फिरत तो नानांच्या मुलाच्या, संतोषच्या कंपनीत पोचला. संतोष चाकणला कंत्राटावर होता आणि त्याचं पर्मनंट व्हायचं घाटत होतं. त्याच्या साहेबांनी फोटो दाखवला, वडील हौशी दिसतात म्हणाले आणि हसले. बास, एवढंच. पण संतोष घरी आला तो पांढराफटक होऊन. नानांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, की साहेब नेमकं काय म्हणाले? काहीच नाही, हसले फक्त, हेच उत्तर.

सकाळी मी बसला आले तेव्हा नाना ओल्या फडक्याने स्वतःचा प्रश्न पुसत होते. दत्ताची ओळ तशीच होती. माझं डोकंच सटकलं. मी त्यांच्या हातातलं फडकं घ्यायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आपलं पुसायचा हक हाय मला, मॅडमबाई. त्याचं न्हाई."

तेवढ्यात दत्ता आला. मला वाटलं, आता हा मिशीला पीळ भरणार. पण तो फळा बघून भडकलाच.

"नाना, तुमचं कुठंय? मी एकटाच बडबडतोय, येडा दिसतोय ना राव!"

नानांनी काही न लपवता त्याला सगळं सांगितलं. दत्ताने सरळ खडू उचलला आणि स्वतःच्या ओळीच्या वर नानांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून काढला.

"आता अक्षर माझंय. संतोषला कोन काय बोलनार न्हाई," तो म्हणाला. "पन मला पटलेलं न्हाई, आधीच सांगतो."

पुढे विधेयक मंजूर झालं. संतोषही पर्मनंट झाला. त्यानंतर नाना प्रश्न सांगायचे आणि दत्ता कुरकुरत लिहायचा, खाली आपलं उत्तर ठोकायचा. लोकांना ती जोडी बघून मौज वाटायची. मला हसू यायचं आणि संतापही यायचा. चांगला लिहिता हात असलेला माणूस खिशात हात घालून उभा!

गेल्या वर्षी नाना गावी राहायला गेले. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले, तर सामानाच्या पोत्यांमध्ये विचार करत बसलेले. मला म्हणाले, "मॅडमबाई, सरकार मला काय बोललं न्हाई, पोलीस न्हाई, संतोषचा सायबबी न्हाई. मंग मला गप कुनी केलं?"

हा प्रश्न मात्र त्यांनी दत्तालाही लिहायला सांगितला नव्हता.