देवाला न लागणारी कोंबडी

नाशिक रोडच्या झुंबरबाईंना कोंबडी निवडायची म्हणजे डोक्याला ताप. पांढरीची अंडी पांढरी; अंडी विकत घेणाऱ्या कॉलनीतल्या बायका ती पोल्ट्रीची म्हणून नाक मुरडायच्या. तपकिरी अंड्यांसाठी काळी पाळली, तर सासूबाईंनी ती उताऱ्याला देऊन टाकली. तांबडी पाळली, ती म्हसोबाला गेली.

"या मेल्या घरात माणसांपेक्षा देवच जास्त खातात!"

शेवटी वैतागून त्यांनी घोटीच्या बाजारातून ठिपक्यांची आणली. अंडी तपकिरी, आणि हा रंग कुठल्याच देवाला लागत नव्हता.

महिनाभरात त्यांचे यजमान, खंडेराव, पेढे घेऊन आले. "आपला ललित एकदाचा दहावी पास झाला! देवाला कोंबडी बोललो होतो."

"कुठल्या रंगाची?" झुंबरबाईंनी दातओठ खात विचारलं.

"रंगाचं काही नाही बोललो. घरची, अंड्यावर आलेली, एवढंच बोललो."