सासूबाईंची सात वर्षं

आमच्या सासूबाईंना म्हातारं म्हणायची सोय नव्हती. बसमध्ये कोणी उठून जागा दिली, तर कोण म्हातारं माणूस चढलंय म्हणून त्या मागे वळून बघायच्या. केस इतके काळे की दिव्याखाली निळसर दिसायचे. चष्मा होता, पण वाचताना कोणी आलं की तो उशीखाली जायचा. वय सदुसष्ट. हे वय त्या कोणी न विचारता सांगायच्या आणि समोरचा "वाटत नाही हो" म्हणेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या.

सासरे बहात्तरचे. मधली पाच वर्षं ही त्यांची आयुष्यातली मोठी कमाई होती. कपाट कुठे ठेवायचं, पंखा किती वर फिरवायचा, मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, कुठल्याही वादात अडले की ते म्हणायचे, "मी तुझ्यापेक्षा पाच वर्षं जास्त जग पाहिलंय. मोठ्यांचं ऐकायचं असतं." सासूबाई "हो ना" म्हणायच्या आणि करायचं तेच करायच्या. पण अहो-जाहो कधी सोडलं नाही.

सासऱ्यांनी पाहिलेलं जग म्हणजे मुख्यतः एक दिवस. आमच्या शहरात त्या दिवशी जुनी राजवट कोसळली. माणसं मोठ्या चौकात जमली आणि संध्याकाळपर्यंत राज्यकर्ते पळून गेले. सासरे तेव्हा बावीस वर्षांचे होते. ते दिव्याच्या खांबावर चढले, त्यांनी झेंडा बांधला आणि अशी घोषणा दिली की सगळा चौक त्यांच्या मागून ओरडला. माझं लग्न झालं तेव्हा तो खांब एक मजला उंच होता. माझा मुलगा शाळेत जाईपर्यंत सासऱ्यांना वरून नदी दिसायला लागली होती. सरकार बदललं की त्यांच्या गोष्टीतल्या झेंड्याचा रंगही बदलायचा, आणि आमच्याकडे सरकारं काही कमी झाली नाहीत. चौकाचंच नाव तीनदा बदललं, मग झेंड्याने काय पाप केलं होतं? मी कधी विचारलं नाही. सुनेने विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

गोष्ट चालू असताना सासूबाई शेंगा सोलत बसायच्या. शेवटी सासरे त्यांच्याकडे वळून म्हणायचे, "तू तेव्हा शाळेत होतीस, तुला काय कळणार." त्यावरही "हो ना."

या गोष्टीत अडथळा आणू शकणारं एकच माणूस घरात होतं, माझ्या आजेसासूबाई. मला त्या सहाच वर्षं लाभल्या. सासऱ्यांचा आवाज चढला की आतल्या खोलीतून, अंथरुणावरूनच, त्या म्हणायच्या, "ओरडू नकोस रे, घसा धरतो तुझा." पन्नाशीचा क्रांतिवीर तिथेच गप्प व्हायचा आणि गळ्याला मफलर गुंडाळायचा. आजेसासूबाई गेल्या, मफलर राहिला. सासरे तो भर उन्हाळ्यातही घालायचे.

त्या दिवसाला पन्नास वर्षं होणार म्हणून शहराने सत्कार समिती नेमली. त्या दिवशी चौकात असलेल्यांनी कळवावं, असं आवाहन झालं आणि समितीची झोप उडाली. सगळे म्हणतात तेवढी माणसं खरोखर आली असती, तर राजवट गर्दीत गुदमरूनच मेली असती. आणि निम्मे जण खांबावर होते. चौकात खांब चार. समितीचे चिटणीस सरळ माणूस होते. त्यांनी जाहीर केलं की चौकातल्या कोणाचाच सत्कार होणार नाही. त्या दिवशी जे आपापल्या कामावर होते त्यांचा होईल. नर्स, बंबवाले, बसचे ड्रायव्हर, पाणी सोडणारे.

सासरे आठवडाभर धुमसत होते. "ज्यांनी काही केलं नाही, नुसतं काम केलं, त्यांचा सत्कार," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

आणि अशात एका दुपारी चिटणीसांचा फोन आला. तो मी उचलला. त्यांना सासूबाई हव्या होत्या. त्या दिवशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर असलेल्यांपैकी दोघीच हयात आहेत, त्यातल्या सुपरवायझर बाई अंथरुणाला खिळल्यात आणि त्यांनी हे नाव सांगितलं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुमची काहीतरी गडबड होतेय, आमच्या सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. एवढ्यात माझ्या हातातून फोन गेला. "नंतर कळवते," असं सासूबाई म्हणाल्या, ते घरात कधी न ऐकलेल्या, स्वच्छ, सरकारी आवाजात.

मग त्या मला ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लावून बोलल्या. त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं. लग्नाच्या वेळी त्या अठ्ठावीसच्या होत्या आणि नवरामुलगा सव्वीसचा. लग्न जमवणाऱ्या मावशीने एका वाक्यात सात वर्षं कापून टाकली, चण लहान होती म्हणून खपूनही गेली. लग्न झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. मग मूल झाल्यावर सांगू. मग उशीर झाला. "आणि खरं सांगू का, मग आवडायलाच लागलं," त्या म्हणाल्या.

निभावणं सोपं नव्हतं. एक्स्चेंजमधली एक मुलगी लग्नात त्यांना सगळ्यांदेखत ताई म्हणाली, ती पुन्हा कधी या घरात दिसली नाही. डॉक्टरकडे त्या एकट्याच आत जायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाल्या तेव्हा घरच्या हिशेबाने एक्कावन्न पूर्ण होते, म्हणून घरासाठी एक्स्चेंजची नोकरी सोडली असं सांगावं लागलं. या त्यागाचं सासरे अजून चारचौघांत कौतुक करतात.

पण कापलेल्या सात वर्षांबरोबर एक गोष्ट नको असताना गेली. तो दिवस गेला.

त्या दिवशी त्या सात नंबरच्या बोर्डावर होत्या. सकाळीच वरून हुकूम आला होता की फक्त सरकारी फोन जोडायचे, लोकांचे नाही. दुपारपर्यंत त्यांनी तेच केलं. मग मंत्र्यांच्या ऑफिसात घंटी वाजायची आणि कोणी उचलायचं नाही. घरी लावला तरी तेच. पोलीसप्रमुखांकडे तेच. सुपरवायझर बाईंनी एकेक करून सगळ्या सरकारला फोन लावून पाहिला. मग कानावरचे हेडफोन काढून त्या म्हणाल्या, मुलींनो, उचलायला कोणी उरलेलं नाही, आता लोकांचे जोडा. सरकार गेल्याचं शहराला संध्याकाळी कळलं. या मुलींना दुपारीच कळलं होतं.

"किती जोडले असतील त्या दिवशी! बोटं सोलून निघाली," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे मला कोणापाशी बोलता आलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही. दर वर्षी शेंगा सोलत त्यांचा खांब ऐकत बसले." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना त्या स्टेजवरची खुर्ची हवी होती, आणि फार हवी होती.

मी म्हटलं, मग सांगून टाका बाबांना.

"सांगितलं तर मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी ठरते. तो धक्का ते पचवतील. पण दुसरा आहे."

दुसरा असा. दुपारी चौकाजवळच्या औषधाच्या दुकानातून एक फोन आला. शटर ओढून घेतलेलं, आत कोणीतरी तरुण मुलगा. आई, मी घरी येऊ का, इथे सगळे ओरडतायत, असं म्हणत होता. पलीकडून आई म्हणाली, "तू ओरडू नकोस रे, घसा धरतो तुझा." सासूबाईंना त्याही गडबडीत हसू आलं होतं. चार वर्षांनी, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात, जेवताना नवऱ्याचा आवाज चढला आणि त्यांच्या सासूबाईंनी तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं. घास हातातच राहिला.

मी नळ सोडला आणि हसून घेतलं. पण सासूबाई हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासरे मफलर गुंडाळत असताना, त्यांनी वय सांगितलं, त्या दिवशी एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर असल्याचंही सांगितलं. त्या एका फोनचं नाही. सासऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. सत्तेचाळीसाव्या वर्षी चष्मा लागला तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नसेल. आमच्या ह्यांनी मध्ये पडून सांगितलं की बाबा, दोन वर्षांनी काय होतंय. त्यावर ते म्हणाले, "तुझं काय जातंय? तू आधीपासूनच लहान आहेस."

दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहिला प्रश्न आला, की आता मला अरे-तुरे करणार का? सासूबाई "बघते" म्हणाल्या. दुसरा प्रश्न यायला संध्याकाळ झाली.

"तुम्ही मुली तिथे लोकांचं बोलणं ऐकायचात?"

"ऐकायची मनाई होती."

"मी मनाईचं विचारत नाहीये."

सासूबाई शेंगा सोलायला लागल्या. सासरे बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या दिवसापासून घरात खांबाचं नाव निघालं नाही. पाहुणे आले आणि त्यांनी मुद्दाम विषय काढला, तरी सासरे हवेबद्दल बोलले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची दया आली हे मी कबूल करते.

सासूबाईंनी मात्र केस रंगवणं बंद केलं. महिन्याभराने कार्यक्रम होता. तोवर भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा आला होता. बसमध्ये कोणी उठलं की आता त्या बसायच्या, आणि उठणाऱ्याला वय सांगायच्या.

कार्यक्रमाला नगरपालिकेचा हॉल भरला होता. सत्काराआधी तीन पुढाऱ्यांनी भाषणं केली. तिघंही त्या दिवसानंतर जन्मलेले, आणि तिघंही तो दिवस आपल्यामुळेच उगवला असं सुचवून खाली बसले. मग बंबवाले झाले, एक नर्स झाली. सासूबाई माइकपाशी गेल्या तेव्हा सासरे पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, मफलरमध्ये हनुवटीपर्यंत बुडाले होते.

"चौऱ्याहत्तर पूर्ण," सासूबाई म्हणाल्या.

चिटणीस सवयीने म्हणाले, वाटत नाही.

"वाटायला पाहिजे. कष्टाने झालेय."

हॉल हसला. मग त्यांनी बोर्ड, सकाळचा हुकूम, कोणी न उचललेल्या घंट्या, सगळं सांगितलं. गेली पन्नास वर्षं मनात घोकलेलं असावं, एक शब्द अडला नाही. चिटणीसांनी विचारलं, की चौकातून फोन आले असतील ना, ते लोक काय बोलायचे? माझ्या शेजारची खुर्ची करकरली.

"आईला फोन करायचे," सासूबाई म्हणाल्या. "इतके फोन जोडले, भीती वाटली नाही असा एकही आवाज मी ऐकला नाही. घाबरलेल्या माणसांनीच ती राजवट पाडली. धीट माणसं मला नंतर भेटली, बरीच वर्षं गेल्यावर."

यावर हसावं की टाळ्या वाजवाव्यात हे लोकांना पटकन कळलं नाही. पुढारी पायांकडे बघत होते. चिटणीस म्हणाले, त्यातला एखादा फोन अजून आठवतो का?

सासूबाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"आठवतो," त्या म्हणाल्या. "पण ऐकायची मनाई होती."

घरी आल्यावर त्या बूट काढून, पाय वर घेऊन, सासऱ्यांच्या खुर्चीत बसल्या. सासरे समोर स्टुलावर बसले. त्यांनी मफलर सोडला, घडी केली, पुन्हा उलगडला.

"मी फोन आपटला आणि मागच्या गल्लीने घरी पळत सुटलो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्या दिवसाचं एवढं छोटं वर्णन त्यांनी पहिल्यांदा केलं. "आई अजून बोलत होती. काय म्हणत होती, ते नंतर तिला विचारायचं राहूनच गेलं."

सासूबाईंनी पाय खाली घेतले.

"तुम्ही ठेवलात, त्यांनी नाही ठेवला. मला म्हणाल्या, बाई, तुम्ही ऐकताय ते कळतंय मला. तो भित्रा नाही हो, एकटा पडलाय. कुणाला सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगणार."

सासरे रडले. लपवलं नाही, मफलरनेच डोळे पुसले. मग म्हणाले, "म्हणून एवढी वर्षं तू माझा खांब ऐकून घेतलास?"

"शब्द दिला होता ना. तेव्हा त्या माझ्या कोणी नव्हत्या, पण माणूस मोठं होतं. मोठ्यांचं ऐकायचं असतं, तुम्हीच म्हणता."

मी पाणी आणायला उठले, तर सासूबाईंनी मला हाताने खाली बसवलं.

"तू बस," त्या मला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "आता मोठी मी आहे. जा, पाणी घेऊन ये."

सासरे उठले आणि गेले.