कुलूपकाकांनी कापलेली फ्लॉपी

सिंगापूरमध्ये राहून एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही सगळे कार्ड बाहेर न काढता बॅगच गेटला टेकवून आत जायचो आणि कुलूपकाका मात्र मशीनसमोर रांगेत, सुटं तिकीट काढत उभे. उतरल्यावर परत मशीनपाशी, कारण तिकिटाचं डिपॉझिट परत मिळायचं. मला वाटायचं, डिपॉझिटसाठीच करतात, चिकट असतील. एकदा विचारलंच. तर म्हणाले, "अगं, मी कुठे जातो हे माझ्या बायकोला माहीत नसतं, मग त्या कार्डाला कशाला माहीत पाहिजे?" काकू शेजारीच होत्या. "मला माहीत असतं," त्या म्हणाल्या. "कुठे जाणार, कोपी प्यायला." कॉफीला इथे कोपीच म्हणतात.

काका मूळचे मुलुंडचे, पीआर होऊन, म्हणजे इथला कायमचा रहिवास मिळून, जमाना झालेला, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कॉम्प्युटर सिस्टिम्स बघायचे. मी नुकतीच पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आले होते, एका बँकेच्या आयटीत. काकांना क्रिप्टोग्राफीचं वेड होतं. म्हणजे मजकुराला असं कुलूप लावायचं की किल्ली असेल त्यालाच तो उघडेल. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी म्हणून त्यांना कुलूपकाका करून टाकलं होतं. दर शनिवारी दुपारी मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, आम्ही तिघं बसायचो : काका, मी आणि समीर. समीर माझ्याच बँकेत, माझ्याहून सिनियर, प्रचंड हुशार, वर पुण्याचा, त्यामुळे मला तो आपला वाटायचा. काका मला नावाने हाक मारायचेच नाहीत. "काय पुणेकर, आज कोणाचं काय चुकलं?" अशी सुरुवात व्हायची.

त्यांचा जीव अडकला होता तो डिजिटल पैशात. ते टेबलावर पाकीट ठेवायचे, आत कोरा कागद आणि कार्बन पेपर. "हे बघ. या कागदावर मी एक नंबर लिहिला. पाकीट बंद. बँकेने वरून शिक्का मारला. शिक्का कार्बनमधून आत उमटला की नाही? उमटला. बँकेने नंबर पाहिला का? नाही. आता ही नोट खरी, पण मी ती कुठे खर्च केली, ते बँकेच्या बापालाही कळणार नाही." हेच सगळं गणिताने करायचं, कागदाऐवजी आकडे. ते इतकं समजावून सांगायचे की शेजारच्या टेबलावरचे अंकलसुद्धा कोपी हातात धरून बघत बसायचे.

एकदा त्यांनी मंडळाच्या गणपतीत खाण्याच्या स्टॉलची कूपनं या पद्धतीने करायचं ठरवलं. कमिटीने विचारलं, "मग कोणी किती वडे खाल्ले, ते कसं कळणार?" काका शांतपणे म्हणाले, "ते कळू नये म्हणूनच." कमिटीला काही पटलं नाही. सेक्रेटरींच्या मिसेस तेवढ्या हळूच म्हणाल्या, "मला पटलं हो."

अडचण वेगळीच होती. पाकिटाच्या या युक्तीवर परदेशात कोणाचं तरी पेटंट होतं. गणितावर पेटंट, ही गोष्ट निघाली की काकांचा आवाज बदलायचा. "रस्ता सगळ्यांचा आणि एकाने मध्येच टोलनाका टाकलाय," म्हणायचे. मग त्यांनी टोलनाका टाळून जाणारी वाट शोधली. त्यांची स्वतःची, नवीन पद्धत. कित्येक महिने ऑफिसनंतर तेच. ती एका टोपणनावाने इंटरनेटवरच्या मेलिंग लिस्टवर लिहिली आणि तिचा प्रोग्रॅम फुकट ठेवून दिला. टोपणनाव आम्हाला त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण लिस्टवर कार्बन पेपरचं उदाहरण वाचलं आणि मी आणि समीर एकमेकांकडे बघून हसलो. त्यांना एवढंच हवं होतं की ही पद्धत कोणाच्याही मालकीची नसावी. त्यांच्यासुद्धा.

आता टोपणनावाने लिहिणारा माणूस तोच आहे हे जगाला कसं कळणार? तर त्याची एक सही असते, गणिती सही, आणि ती करायची किल्ली एका फ्लॉपीवर. फ्लॉपी ज्याच्याकडे, तो माणूस खरा. आणि काकांचा नियम असा की दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत जुनं टोपणनाव संपवायचं आणि त्याची किल्ली नष्ट करायची. "काम झालेली किल्ली घरात ठेवायची म्हणजे चोराची सोय." त्या दिवाळीत आम्ही फराळाला गेलो होतो. त्यांनी काकूंची स्वयंपाकघरातली कात्री मागितली आणि आमच्यासमोर फ्लॉपीचे तुकडे केले. काकू म्हणाल्या, "धार गेली तर तुमच्या दाढीच्या ब्लेडने कोथिंबीर कापीन."

समीर चिवडा खात बघत होता. म्हणाला, "काका, समजा उद्या कोणी म्हणालं, ते सगळं मीच लिहिलंय, तर?"

काका हसले. "म्हणू दे की. लोकांना वापरायला मिळालं म्हणजे झालं. घे, चकली घे."

पुढे समीरने बँक सोडली, कोणाबरोबर तरी कंपनी काढली, शनिवारी यायचा बंद झाला. आम्ही म्हटलं, बिझी असेल. काही वर्षांनी काकांच्या प्रोग्रॅमच्या पत्त्यावर वकिलाची मेल आली : ही पद्धत आमच्या अमेरिकेतल्या पेटंटखाली येते, प्रोग्रॅम ताबडतोब काढून टाका. कंपनी समीरची. शोध लावणारा म्हणून नाव समीरचं.

मी काकांना ओढत एका वकीलबाईंकडे नेलं. मला वाटलं, दोन मिनिटांत निकाल, लिस्टवर तर सगळं तारखेसकट पडलंय. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतायत, ते टोपणनाव त्यांचंच आहे. तिथल्या कायद्यात आपला शोध आपणच आधी जाहीर केला आणि वर्षाच्या आत पेटंटचा अर्ज केला तर चालतं. त्यांनी वर्षाच्या आत केलाय. तेव्हा लिहिणारे तुम्ही होतात, हे दाखवा. त्या नावाची सही करून दाखवलीत तरी पुरे."

काका म्हणाले, "किल्ली कापली."

"म्हणजे?"

"कात्रीने."

मी म्हटलं, मी साक्ष देते. बाईंनी विचारलं, यांना त्या नावाने लिहिताना पाहिलंय का, यांनी कधी सांगितलंय का. नव्हतंच ना सांगितलं. आपण किती पक्कं लपवतो याचा त्यांना अभिमान होता आणि त्या ऑफिसात त्या अभिमानाची किंमत माझ्यासमोर त्यांनी मोजली. मला समीरचा राग आला होताच, पण खरं सांगते, त्या क्षणी काकांचा जास्त आला. जगातल्या सगळ्या हेरांपासून लपले आणि फराळाला आलेल्या पोराने लुटलं. घरी जाऊन त्यांनी प्रोग्रॅम काढून टाकला.

समीरच्या कंपनीने ती पद्धत बँकांना विकली. आता त्यात पाकिटाला एक भोक आहे, बँकेला हवं तेव्हा आतला नंबर दिसतो. म्हणजे ज्यासाठी काकांनी सगळं केलं, तेवढंच काढून टाकलं. आणि भोक नसलेलं पाकीट आता कोणी बनवू शकत नाही, कारण पेटंट.

लिटिल इंडियातल्या एका चोवीस तासवाल्या दुकानात डाळींच्या रांगेत मला समीर भेटला. पळाला वगैरे नाही, उलट ट्रॉली थांबवली. मी म्हटलं, "लाज नाही वाटली?"

"यार, काकांना त्यावर नाव नकोच होतं," तो म्हणाला. "मालकी पण नको होती. मग मी त्यांचं घेतलं काय?"

आणि तूरडाळ घेऊन गेला.

काका-काकू रिटायर होऊन मुलुंडला गेले. मी मधूनमधून फोन करते. परवा विचारलं, "काका, नवीन काही सुचतं का हो?"

"सुचतं ना. आंघोळ करताना हमखास सुचतं. लिहीत नाही."

"मग मला सांगा ना, मी लिहिते. तुमच्या नावाने."

काका म्हणाले, "आणि तुला समीर व्हावंसं वाटलं तर?"

ते हसले. मीही हसले. मग त्यांनी पुण्यात माझे आईबाबा कसे आहेत ते विचारलं, सिंगापूरला भाडी किती वाढली ते विचारलं. काय सुचलंय ते मात्र सांगितलं नाही.