राखाडी बदकांची पिल्लं

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा ह्यांची नोकरी तिथं होती आणि आम्ही बोईसरला भाड्यानं राहायचो. शेजारच्या गृहस्थांना बदकांचं वेड होतं. त्यांना सगळी बदकं राखाडी हवी होती, म्हणून मुलीला स्थळ बघावं तशा काळजीनं ते नर-मादीची जोडी जमवत. पांढऱ्या नराला तर वेगळंच कोंडून ठेवत. कुणीही भेटलं की आधी त्याचा रंग न्याहाळत आणि मग "बघा हां" म्हणून बदकांवर येत.

मला मुलगी झाली ती रंगानं काळी. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला सांगत, "आमच्याकडे हा रंग कुणाचाच नाही." मी मान खाली घालून ऐकायची.

बारशाच्या दिवशी शेजारी टोपली घेऊन आले. चेहरा पडलेला होता.

"बघा हां, आजी. आई राखाडी, बाप राखाडी. आनि पिल्लं बघा."

काही पिल्लं राखाडी होती, एक पांढरट होतं आणि दोन काळी कुळकुळीत.

"हायत त्यांचीच. पिल्लांचा आजा काळा होता, आजी पांढरी. तो रंग कुठं जातो? दडून बसतो नि असा वर येतो."

ते मला धीर द्यायला आले होते की स्वतःचं दुःख सांगायला, हे मला अजून कळलेलं नाही.

सासूबाई टोपलीवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी आई काळीच होती."

"आनि तुमच्या बापाचा रंग?" शेजाऱ्यांनी विचारलं आणि ऐकायला पुढे सरकून बसले.